गॅस लेन्सचा संच : ॲल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगवर तो कितपत उतरतो

बेळगावच्या उद्यमबागेत वेल्डिंगचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत १७, १८ आणि २६ या क्रमांकांच्या टिग (आर्गनच्या आवरणाखाली टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवून केले जाणारे वेल्डिंग) टॉर्चला बसणारा, आर्गनचा प्रवाह जाळीतून सरळ करणारा गॅस लेन्सचा संच आता सहज मिळू लागला आहे. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत जाळी बसवलेली कोलेट बॉडी, तिच्या मापाचे कोलेट (टंगस्टन पकडणारी नळी), वेगवेगळ्या मापांचे तीन-चार सिरॅमिक कप, इन्सुलेटरचे कडे आणि आखूड बॅककॅप (टॉर्चची मागची टोपी) असा हा ऐवज असतो. डबीवर बनवणाऱ्याचे नाव बहुधा नसते. स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्या कारागिरांनी हा संच केव्हाच स्वीकारला आहे. ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्यांमध्ये मात्र त्याविषयी एकमत नाही. काहींच्या मते एसी करंटवर तो निरुपयोगी आहे, तर काही जण वेल्डच्या टाक्यात दिसणाऱ्या प्रत्येक दोषावर तो रामबाण असल्याचे सांगतात. आमच्या शेडमध्ये दुधाचे कॅन, मोटारसायकलच्या इंजिनाची फुटलेली झाकणे, रेडिएटरच्या टाक्या आणि ६०६३ या मिश्रधातूच्या सेक्शनच्या चौकटी अशी मिश्र कामे येतात. या सर्वांवर हा संच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही वापरून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की तो विकत घेण्याजोगा निश्चित आहे. परंतु ज्याच्या टॉर्चची मागची जोडणी घट्ट आहे आणि ज्याच्या फ्लोमीटरवर (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीवर) भरवसा ठेवता येतो, त्यालाच त्याचा खरा लाभ मिळतो.

प्रथम तो काम कसे करतो ते पाहू. साध्या कोलेट बॉडीत आर्गन बाजूच्या चार भोकांतून कपात शिरतो, कपाच्या भिंतीवर आदळतो आणि भोवरे घेतच खाली उतरतो. लेन्समध्ये तोच वायू स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळ्यांच्या थरांतून जातो, त्यामुळे भोवरे मोडतात आणि कपाबाहेर पडलेला प्रवाह बऱ्याच अंतरापर्यंत सरळ राहतो. साध्या बॉडीवर टंगस्टन कपाबाहेर साधारण ६ मिमीपेक्षा जास्त काढले की टोकाशी आवरण विरळ होऊ लागते. लेन्सवर, कप पुरेसा रुंद असेल आणि जागा निवाऱ्याची असेल, तर हे अंतर २० मिमीपर्यंत नेता येते. या संचाची खरी किंमत या काही मिलिमीटरांत आहे.

दुधाच्या कॅनच्या कामात ती प्रत्यक्ष दिसते. चिकोडी, निपाणी आणि अथणी भागांतून येणारे ॲल्युमिनियमचे जुने कॅन बहुधा एकाच ठिकाणी फुटतात : गळ्याखाली, जिथे कडीचा कान कॅनच्या अंगाला जोडलेला असतो. कान आणि गळा यांच्या मधल्या खोबणीत सात क्रमांकाचा साधा कप शिरत नाही. कप कानावर टेकतो, मग कारागीर टॉर्च आडवी करतो, आणि टॉर्च फार कलली की वायूचा झोत एका बाजूने बाहेरची हवा आत ओढू लागतो. टॉर्च उभ्या रेषेपासून १० ते १५ अंशच मागे झुकलेली असावी, हा नियम अशा जागी पाळता येत नाही. लेन्स लावून २.४ मिमीचे टंगस्टन सुमारे १५ मिमी बाहेर काढले, की कप कानाच्या वरच राहतो आणि फक्त टंगस्टन खोबणीत उतरते. टॉर्चही जवळजवळ सरळ धरता येते. अशा वेळी वितळलेल्या धातूकडे लक्षपूर्वक पाहावे. त्याचा पृष्ठभाग आरशागत लखलखीत असतो, त्यावर राखाडी साय धरत नाही, आणि रॉडचे टोक आत बुडवले की थेंब लगेच मिसळतो. टाका थंड झाल्यावर त्याच्या दोन्ही कडांना एकसारख्या रुंदीचा पांढुरका, मॅट पट्टा उमटलेला असतो आणि टंगस्टनचे टोक रुपेरी राहिलेले असते. टोक निळे किंवा काळे पडले असेल, तर आर्गन वेळेआधी बंद झाला किंवा कुठून तरी हवा शिरते आहे, असे समजावे.

पांढऱ्या पट्ट्याविषयी, म्हणजे ऑक्साइड निघून साफ झालेल्या भागाविषयी, येथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘लेन्स लावली की सफाई चांगली होते’ असे अनेक जण मानतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांहून अधिक तापमानापर्यंत टिकतो. हा थर एसीच्या ज्या अर्ध्या फेऱ्यात टंगस्टन धन असते त्या फेऱ्यात फुटतो. लेन्सचा त्यात हात नाही. लेन्स इतकेच करते की फुटलेल्या थराखालचा उघडा धातू पुन्हा हवेच्या संपर्कात येऊ देत नाही. म्हणून कॅन वेल्डिंगला घेण्यापूर्वी सांध्यात मुरलेली दुधाची साय आणि तेलकटपणा ॲसिटोनने काढणे आणि त्यानंतर केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश फिरवणे, हा क्रम लेन्स असली तरी चुकत नाही. आधी ब्रश फिरवला तर मळ धातूत दाबला जातो. क्लोरीनयुक्त क्लीनर मात्र शेडमध्येच आणू नये. आर्कच्या प्रकाशात त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आता आर्गनच्या प्रवाहाकडे वळू, कारण या संचाविषयीचे सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. टाका काळा पडू लागला की फ्लोमीटरची चकती फिरवून गॅस वाढवायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. शेजारच्या शेडमधील एक तरुण कारागीर इंजिनाचे झाकण घेऊन आला तेव्हा म्हणाला, “अण्णा, पंधरावरनं वीसवर नेलो, तरी काळंच पडायलंय.” वीसवर नेल्यामुळेच त्याचा टाका अधिक काळा पडत होता. लहान कपातून गरजेपेक्षा जास्त वायू सोडला की त्याचा वेग वाढतो, प्रवाह फाटतो आणि भोवऱ्यांबरोबर हवा आत येते. सात क्रमांकाच्या कपाचे तोंड सुमारे ११ मिमी आणि आठ क्रमांकाचे १२.७ मिमी असते, कारण कपाचा क्रमांक म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागांची संख्या होय. या मापांना निवाऱ्याच्या जागेत मिनिटाला ७ ते १० लिटर आर्गन पुरतो. लेन्स लावल्यावर सात क्रमांकाच्या कपावर मी ७ ते ८ लिटरवर समाधानकारक टाका घेतो. बारा क्रमांकाच्या, म्हणजे १९ मिमी तोंडाच्या कपाला मात्र १२ ते १५ लिटर द्यावेच लागतात. ‘लेन्सने गॅस वाचतो’ हे विधान त्यामुळे कप तोच ठेवला तरच खरे ठरते. लेन्सबरोबर मोठा कप आला की बचत तिथेच संपते. सात घनमीटरच्या सिलिंडरात ७,००० लिटर वायू असतो. १० लिटरच्या प्रवाहाला तो ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा अधिक पुरतो आणि १५ लिटरला पावणेआठ तासांतच संपतो. जॉबच्या दरात आर्गनचा खर्च धरणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

फ्लोमीटरची नळी उभी आहे ना हेही तपासले पाहिजे. सिलिंडर भिंतीला कलता टेकवलेला असला की नळीही कलते आणि गोळी चुकीचा आकडा दाखवते. आकडा गोळीच्या मध्यावर वाचावा. दोन घड्याळे असलेल्या स्वस्त रेग्युलेटरवरचा प्रवाहाचा आकडा हा प्रत्यक्षात दाबावरून काढलेला अंदाज असतो, आणि टॉर्चच्या होजमध्ये कुठे अडथळा असेल तर तो अंदाज फसतो. कपाच्या तोंडाशी धरून प्रवाह मोजण्याची प्लॅस्टिकची छोटी नळी मिळते. माझ्या मते ती गॅस लेन्सच्याही आधी घ्यावी.

लेन्स बसवताना टॉर्चच्या डोक्यात दोन ठिकाणी हवा शिरण्याचा धोका असतो. एक म्हणजे बॅककॅपची रबरी ओ-रिंग. ती उष्णतेने कडक होते आणि चिरते, मग आर्गनच्या प्रवाहाबरोबर मागून हवा ओढली जाऊ लागते आणि समोर कितीही उत्तम लेन्स असली तरी टाक्यात सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. दुसरे ठिकाण म्हणजे इन्सुलेटरचे कडे. लेन्सच्या बॉडीला साध्या बॉडीचे कडे चालत नाही. ते तसेच ठेवले तर कप नीट टेकत नाही आणि आर्गन फटीतून निसटतो. संचातले कडे बसवून बॉडी हाताने घट्ट फिरवावी. पकड लावून आवळू नये, कारण टॉर्चच्या डोक्यातील पितळी आटे मऊ असतात. त्यानंतर मशीनवरचे गॅस तपासणीचे बटण दाबावे आणि कपाचे तोंड अंगठ्याने बंद करावे. फ्लोमीटरची गोळी शून्यावर आली तर मधली वाट शाबूत आहे. ती थोडी वर तरंगत राहिली तर कुठेतरी गळती आहे, ती साबणाच्या पाण्याने शोधावी. ही तपासणी टॉर्चचा स्विच किंवा पेडल दाबून कधीही करू नये, कारण त्यावर आर्क पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सी सुरू होते. आमच्याकडे ‘लेन्स बेकार आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या टॉर्चमध्ये दोष ओ-रिंगमध्येच सापडतो.

पावसाळ्यात या संचाची कसोटी अधिक कठीण होते. जून ते सप्टेंबर या काळात बेळगाव आणि विशेषतः खानापूर तालुक्यात हवा सतत दमट असते आणि पश्चिमेकडून वारा लागतो. शटर उघडे ठेवून काम करणाऱ्याचा आर्गन त्या वाऱ्यात विखुरतो. लेन्सचा प्रवाह सरळ असला तरी त्यात वाऱ्याला अडवण्याची ताकद नसते. उलट टंगस्टन लांब बाहेर काढलेले असते तेव्हा थोडी झुळूकही आवरण बाजूला सारते. छताचा पंखा बंद करणे आणि शटरच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा उभा करणे यांना पर्याय नाही. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने सपाट टेबलावरच्या टाक्यावर तो बसून राहतो, परंतु उभ्या किंवा डोक्यावरच्या टाक्याला प्रवाह थोडा वाढवावाच लागतो. हाच जडपणा टाकीच्या आत वेल्डिंग करताना जिवावर बेतू शकतो. बंद टाकीच्या तळाशी साठलेला आर्गन ना दिसतो ना वासाने कळतो, म्हणून आत उतरणाऱ्यासाठी ताज्या हवेची सोय आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय असे काम घेऊ नये.

दमट हवेचा दुसरा परिणाम धातूवर होतो. ॲल्युमिनियमवर किंवा फिलर रॉडवर धरलेला ओलावा आर्कमध्ये फुटतो आणि त्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. वितळलेले ॲल्युमिनियम जेवढा हायड्रोजन सामावून घेते त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच तो घट्ट झाल्यावर त्यात मावतो. उरलेला बुडबुडे होऊन अडकतो. ही भोके आणि आवरण फाटल्याने पडलेली भोके डोळ्यांना सारखीच वाटतात, म्हणून निदान करताना टंगस्टनकडे पाहावे. टंगस्टन स्वच्छ आणि टाक्यात भोके, तर ओलावा किंवा मळ. टंगस्टन काळे आणि टाक्यावर काजळी, तर आवरणाचा दोष. एक अपवाद ध्यानात ठेवावा : ५३५६ रॉडमध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असल्यामुळे आवरण उत्तम असतानाही टाक्याच्या कडेला पुसली जाणारी काळपट भुकटी बसते. ४०४३ रॉडवर, ज्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते, तशी काळी कड दिसली तर मात्र टॉर्च तपासावी.

एसीवर लेन्स निरुपयोगी ठरते असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. बाहेरच्या कोपऱ्याच्या सांध्यावर, जिथे दोन पत्रे काटकोनात मिळतात आणि आर्गन दोन्ही बाजूंनी घसरून जातो, तिथे लेन्स आणि साधी बॉडी यांत मला फरक जाणवला नाही. तिथे टंगस्टन आखूड ठेवणे आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून वायूला थारा देणे अधिक उपयोगी पडते. आतल्या कोपऱ्यात आणि खोबणीत लेन्स स्पष्टपणे सरस आहे. जुन्या ओतीव भागांवर मात्र मी ती लावत नाही. इंजिनाच्या झाकणातील मुरलेले तेल आर्क पेटताच तडतडते, बारीक थेंब वर उडतात आणि जाळीवर चिकटतात. जाळीचा एक कोपरा जरी बुजला, तरी प्रवाह एका बाजूला झुकतो आणि कारागिराला कारण कळत नाही. जाळी खरवडून साफ होत नाही. तारेच्या ब्रशने तिचे थर दबतात. म्हणून तेल मुरलेल्या ओतीव भागाची पहिली फेरी साध्या बॉडीने घ्यावी, तेल जळून गेलेला तो थर ग्राइंड करावा आणि मग हवी तर लेन्स लावावी.

उष्णतेचा मुद्दाही दुर्लक्षण्याजोगा नाही. एसीवर टंगस्टन डीसीपेक्षा जास्त तापते आणि १७ क्रमांकाच्या हवेने थंड होणाऱ्या टॉर्चची डीसीवरची १५० ॲम्पिअरची क्षमता एसीवर आणखी कमी धरावी लागते. टंगस्टन लांब बाहेर काढले की त्याची उष्णता कोलेटपर्यंत पोचायला वेळ लागतो, टोक गोळा होते आणि कधी थरथरते. इन्व्हर्टर मशीनवर ऋण बाजूचा बॅलन्स (फेऱ्यात टंगस्टन ऋण असण्याचा वाटा) ७० टक्क्यांच्या आसपास, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झच्या आसपास आणि निळ्या टोकाचे लँथनेटेड टंगस्टन असा मेळ ठेवल्यास ३ मिमी पत्र्यावर १२० ॲम्पिअरपर्यंत हा त्रास होत नाही. आर्क विझल्यानंतर वायू निदान १० ते १२ सेकंद वाहू द्यावा आणि तोवर टॉर्च जागेवरून हलवू नये. लांब काढलेले टंगस्टन याच क्षणी सर्वाधिक उघडे असते. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर, जिथे फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झलाच बांधलेली असते, मी टंगस्टन १० मिमीच्या पुढे काढण्याचा सल्ला देणार नाही.

आता खुद्द संचाच्या दर्जाविषयी. बिननावाच्या डब्यांत एकसारखेपणा नाही, आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. एका डबीतील जाळी मधोमध आणि सपाट असते, तर त्याच खोक्यातल्या दुसऱ्या डबीत ती एका कडेला दबलेली निघते. दुकानातच बॉडी उजेडासमोर धरून आतून पाहावे. सगळीकडून सारखा मंद उजेड दिसला तर घ्यावी. एखाद्या कडेला उजळ चंद्रकोर दिसली तर जाळी आणि भिंत यांत फट आहे आणि बराचसा वायू तिथूनच पळणार. टंगस्टन घालून ते जाळीच्या भोकातून मधोमध बाहेर येते का हेही तिथेच पाहावे. कोलेट हा या संचाचा दुबळा दुवा आहे : तांबे मऊ असते, फट वाकडी कापलेली असते, आणि काही वेळा आवळूनही टंगस्टन सरकते. जुन्या टॉर्चचे कोलेट मापात बसत असेल तर तेच वापरावे. सिरॅमिक कपांविषयी माझे मत चांगले आहे. सात आणि आठ क्रमांकाचे कप ॲल्युमिनियमच्या उष्णतेत टिकले, त्यांच्या कडा उडाल्या नाहीत. काचेचा पारदर्शक कप दिसायला आकर्षक असतो आणि त्यातून टाका छान दिसतो, परंतु एसीच्या उष्णतेत तो तडकण्याची भीती जास्त असते. ॲल्युमिनियमसाठी त्यावर पैसे घालू नयेत.

दुकानदारांकडून एक अपेक्षा आहे. सुटे कप देताना साध्या बॉडीचे आणि लेन्सचे कप एकाच बरणीत ठेवले जातात आणि ‘सात नंबर’ म्हणून कोणताही हातात दिला जातो. दोन्हींचे तोंड एकाच मापाचे असले तरी बैठक वेगळी असते. लेन्सच्या कपाचा बुंधा जाळीला सामावण्याइतका रुंद असतो. ग्राहकाने सुट्या भागाचा क्रमांक सांगून मागणी करावी : २.४ मिमी टंगस्टनसाठी नेहमीच्या लेन्सची बॉडी ४५व्ही२६, तिचा सात क्रमांकाचा कप ५४एन१५ आणि आठ क्रमांकाचा ५४एन१४. इन्सुलेटरचे कडे ५४एन०१. आखूड ‘स्टबी’ संचाचे भाग याहून वेगळे असतात आणि एकमेकांत बसत नाहीत, म्हणून डबी घेतानाच आपण कोणता प्रकार घेत आहोत हे विचारून घ्यावे. कॅन, टाकी आणि अडचणीच्या जागांचे काम करणाऱ्याला स्टबी प्रकार हाताला हलका पडतो. टेबलावर सरळ सांधे घेणाऱ्याला नेहमीच्या लेन्सचा प्रकार बरा. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी सुरुवात २.४ मिमीच्या मापाने करावी. १.६ मिमीची बॉडी दीड मिमीच्या आतल्या पत्र्याचे काम नियमित येत असेल तरच घ्यावी, आणि त्याच खरेदीत बॅककॅपच्या दोन जादा ओ-रिंगा मागून घ्याव्यात.